उन्हातून पोटमाळ्यावर

२०१५ च्या हिवाळ्यात हॉलंडमधल्या हार्लेम शहराच्या पोलिसांनी एक छायाचित्र प्रसिद्ध केले. एकमेकांना खेटून उभी असलेली कौलारू घरे, सगळ्यांच्या डोक्यावर बर्फाचा जाड थर, आणि मधल्या एकाच घराचे छप्पर कोरडे. कौले अशी उघडी पडलेली की जणू त्या घरापुरता उन्हाळा आहे. आत गांजा पिकत होता. दिव्यांच्या धगीने वरचा बर्फ वितळला होता आणि पोलिसांना काहीही न करता पत्ता मिळाला होता. बर्फ पडला की नजर टाकत जा, असे तिथले पोलीस शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगतात.

गांजाला छप्पर मुळातच मानवत नाही. मोकळ्या रानात ते झाड दहा-बारा फूट सहज जाते, उंच हातांनी ऊन ओढून घेते आणि दिवस आखडू लागले की फुलते. हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकात हे पीक शेतात उघडपणे, सरकारी परवान्यावर निघत असे: बंगालात नौगावच्या परिसरात, मध्य प्रांतात खांडव्याजवळ, मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्ह्यात. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात गांजावरून ओरड झाली तेव्हा सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने देशभर हिंडून १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि सात खंडांचा अहवाल लिहून निष्कर्ष काढला, की बेताच्या सेवनाने फारसे नुकसान होत नाही, सरसकट बंदीची गरज नाही. आज तो अहवाल चाळणाऱ्याला जास्त रस वाटतो तो शेतीच्या तपशिलात. नौगावच्या शेतकऱ्याला पीक फुलोऱ्यावर येण्याआधी एका माणसाला बोलवावे लागे. त्याला पोद्दार किंवा परखदार म्हणत. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचे नाव ‘गांजा डॉक्टर’ ठेवले होते. तो ओळीओळीतून चालत जाई आणि कळी नीट उमलायच्या आत नर रोपे ओळखून मोडून टाकी. परागकण मिळाले नाहीत तर मादी बी धरत नाही आणि तिचा फुलोरा राळेने चिकट होत जातो. हाच माल शंभर वर्षांनी कॅलिफोर्नियात ‘सिन्सेमिया’ या स्पॅनिश नावाने, म्हणजे बिनबियांचा म्हणून, नवलाच्या किमतीला विकला गेला. पोद्दाराचे नाव तिथे कोणी घेतले नाही.

एवढे उन्हातले झाड कपाटात, पोटमाळ्यावर, तळघरात कसे शिरले? शास्त्रज्ञांनी वाट दाखवली, पण ढकलले पोलिसांनी.

शास्त्राचा भाग आधी. १९१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पॅरिसमध्ये ज्युलियन तूर्नवा नावाचा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ हॉप आणि भांग या दोन भावकीतल्या झाडांवर काम करत होता. हिवाळ्यात काचघरात पेरलेली रोपे वीतभर होण्याआधीच फुलतात, हे त्याच्या लक्षात आले. थंडीमुळे असेल, खतामुळे असेल, असे सगळे तर्क त्याने तपासून बाजूला सारले. मग रोपांना दिवसातले मोजकेच तास उजेड देऊन पाहिले आणि ती झटपट फुलली. दिवस लहान झाल्याने नव्हे, तर रात्र मोठी झाल्याने झाड फुलते, असे त्याने १९१४ च्या सुमारास लिहिले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले, तूर्नवा आघाडीवर गेला आणि मारला गेला. पुढे १९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि ॲलार्ड या जोडीने तंबाखूच्या एका हट्टी वाणावर तेच सिद्ध केले. भर उन्हाळ्यात रोपे दुपारीच एका अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायची, सकाळी बाहेर आणायची. त्यांची प्रायोगिक शेती आज पेंटागॉनची इमारत आहे त्या परिसरात होती. नाव त्यांचे झाले. पण झाडाला रात्र मोजता येते ही गोष्ट माणसाला आधी सांगितली ती भांगेच्या रोपाने. बंद खोलीत पीक घेण्याची अर्धी किल्ली त्यातच होती: ज्याच्या हाती दिव्याचे बटण, त्याच्या हाती ऋतू.

ती किल्ली पन्नास वर्षे कुणी वापरली नाही, कारण गरज नव्हती. १९६० च्या दशकात अमेरिकेत ओढला जाणारा गांजा मेक्सिकोतून आणि कोलंबियातून येई, स्वस्त असे, बियांनी भरलेला असे. त्या बिया खिडकीतल्या कुंडीत टाकून गंमत बघणारे विद्यार्थी होते, पण त्याला शेती म्हणणे म्हणजे डब्यातल्या मटकीला मोड आले म्हणून स्वतःला शेतकरी म्हणवण्यासारखे.

काहींची गरज मात्र खरी होती. वॉशिंग्टनमध्ये रॉबर्ट रँडल नावाचा काचबिंदूचा तरुण रुग्ण होता. डॉक्टरांनी सांगितले होते की काही वर्षांत दृष्टी जाईल. गांजा ओढल्यावर दिव्यांभोवती दिसणारी वर्तुळे नाहीशी होतात, हे त्याला योगायोगाने कळले. विकत घेणे परवडेना म्हणून त्याने घराच्या सज्जात चार रोपे लावली. १९७५ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी ती पाहिली आणि खटला भरला. त्याने न्यायालयात वैद्यकीय निकडीचा मुद्दा मांडला, आणि १९७६ मध्ये न्यायाधीशांनी तो मान्य करून त्याला निर्दोष सोडले. पुढे संघराज्य सरकारच त्याला मिसिसिपी विद्यापीठात पिकवलेल्या गांजाच्या सिगारेटी पुरवू लागले. तिकडे अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच रेविन खटल्यात निकाल दिला होता की प्रौढ माणसाने स्वतःच्या घरात, स्वतःपुरता थोडा गांजा बाळगणे हा त्याच्या खासगी आयुष्याचा भाग आहे. हिवाळाभर सूर्य क्षितिजावर जेमतेम डोकावणाऱ्या प्रदेशात घरातले पीक म्हणजे दिव्याखालचेच पीक.

मग मेक्सिकोचा माल बिघडला. १९७५ पासून मेक्सिकन सरकार अमेरिकेच्या मदतीने गांजाच्या शेतांवर विमानातून पॅराक्वाट हे तणनाशक फवारत होते. फवारलेले पीक सुकायच्या आत काढून सीमेपार पाठवले जाई. १९७८ मध्ये ही बातमी फुटली आणि ओढणाऱ्यांचे धाबे दणाणले. आपला माल आपणच पिकवावा, हा विचार त्या एका वर्षात जेवढा पसरला तेवढा आधीच्या दहा वर्षांत पसरला नव्हता. उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या डोंगराळ तालुक्यांत शहर सोडून आलेली हिप्पी मंडळी राहत होतीच. त्यांच्या परसातल्या भाजीपाल्याशेजारी गांजा उभा राहिला. शिकवायला पुस्तकेही होती. मेल फ्रँक आणि एड रोझेन्थल या दोघांची मार्गदर्शिका १९७४ साली निघाली होती, ‘हाय टाइम्स’ मासिकही त्याच वर्षी सुरू झाले. त्या पुस्तकाच्या नावातच घरातली आणि बाहेरची अशा दोन्ही शेतींचा उल्लेख होता, पण भर अजून बाहेरच्यावर होता. ऊन फुकट होते.

१९८३ साली कॅलिफोर्नियाने गांजाविरोधी मोहीम उघडली. दर उन्हाळ्याच्या शेवटी, पीक भरात असताना, डोंगरांवर हेलिकॉप्टरे घोंगावू लागली. वरून हिरव्याची छटा ओळखायची, दोर सोडून माणसे उतरवायची, रोपे उपटून जाळायची. सूर्याला जे दिसते ते हेलिकॉप्टरलाही दिसते, एवढा साधा हिशेब होता. सरळमार्गी माणसाला वाटेल, वरून डोकावणे म्हणजे झडतीच की. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला तसे वाटले नाही. सांता क्लारा गावातल्या सिराओलो नावाच्या गृहस्थाने परसातल्या छोट्याशा तुकड्याला दोन कुंपणे घातली होती, बाहेरचे सहा फुटी आणि आतले दहा फुटी. निनावी खबरीवरून पोलीस आले, त्यांना कुंपणापलीकडचे दिसेना. त्यांनी सरळ खासगी विमान भाड्याने घेतले आणि हजार फुटांवरून फोटो काढले. ७३ रोपे सापडली. १९८६ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणाले, आकाशातून जाणाऱ्या कुणालाही जे दिसू शकते, ते पोलिसांनी पाहिले तर बिघडले काय? तीन वर्षांनी फ्लोरिडाचा रायली हरला. त्याने तर छपराखाली लावले होते, पण त्याच्या हरितगृहाच्या छपराचे दोन पत्रे निघालेले होते. चारशे फुटांवरच्या हेलिकॉप्टरमधून पोलिसांनी त्या फटीतून पाहिले.

दोन पत्र्यांनी रायली अडकला. धडा सगळ्यांना कळला: छप्पर हवे, अखंड हवे, आणि त्याच्या खाली सूर्य आपला आपण आणायचा.

इथे अडचण झाडाची होती. त्या काळी अमेरिकेत मिळणारे बियाणे कोलंबियाचे, मेक्सिकोचे, थायलंडचे. उष्ण कटिबंधातली ही झाडे सावकाश आणि उंच वाढणारी. ‘हेझ’ नावाच्या गाजलेल्या वाणाची तर कीर्तीच अशी होती की फुलोरा पिकायला तीन महिन्यांहून जास्त लागतात. त्याच्या वंशावळीत दक्षिण भारतातले रक्त असल्याचेही सांगितले जाते. आठ फुटी खोलीत असे झाड लावणे म्हणजे हत्ती चाळीत बांधणे. उपाय सापडला तो अफगाणिस्तानात. हिंदुकुशाच्या थंड कोरड्या दऱ्यांत चरस काढण्यासाठी लावली जाणारी रोपे बुटकी, दाट, रुंद पानांची होती आणि लवकर पिकत. काबूल-मझारकडे गेलेल्या हिप्पींनी ते बी सत्तरच्या दशकात सोबत आणले. त्याच सुमारास, १९७१ मध्ये, हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड शुल्टस अफगाणिस्तानात गेले आणि त्या बुटक्या झाडांना त्यांनी ‘इंडिका’ ठरवले. खरे तर ‘कॅनाबिस इंडिका’ हे नाव १७८५ मध्ये लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून दिले होते, आणि ते झाड अफगाणी झुडपासारखे मुळीच नव्हते. तेव्हापासून दुकानांत भारताच्या नावाने अफगाणिस्तान विकला जातो.

अफगाणी बुटक्याचा संकर मेक्सिकन आणि कोलंबियन उंच झाडांशी लावून कॅलिफोर्नियात सत्तरच्या दशकात ‘स्कंक नंबर वन’ तयार झाला. नाव त्या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यावरून पडले, कारण वासच तसा होता. त्याचे बी घेऊन डेव्हिड वॉटसन १९८० च्या दशकाच्या मध्यात ॲम्स्टरडॅमला गेला. तिथे डच मातापित्यांच्या पोटी जन्मलेला ऑस्ट्रेलियन नेव्हिल शूनमेकर्स बियाण्यांची पेढी चालवू लागला होता. नायमेखन शहराजवळच्या त्याच्या जुन्या मोठ्या घराला मासिकवाल्यांनी ‘कॅनाबिस कॅसल’ म्हणजे गांजाचा किल्ला असे बिरुद दिले. बी विकणे हॉलंडमध्ये तेव्हा गुन्हा नव्हता. अमेरिकन ग्राहक मासिकातली जाहिरात पाहून पत्र टाकायचा, पाकिटात बिया यायच्या. झाड कुठल्या गुणांसाठी निवडायचे हेही आता उलटले होते. शेतकरी पाऊस, कीड, वारा सोसणारे वाण शोधतो. हे लोक उंची कमी आणि दिवस कमी अशा दोनच गोष्टी पाहत होते. छताने उंची ठरवली, विजेच्या बिलाने दिवस ठरवले.

आणि दिवे? सुरुवातीला ट्यूबलाइट. ऐंशीच्या दशकात ‘फोटोट्रॉन’ नावाची एक षटकोनी उभी पेटी जाहिरातींत झळकत असे. कोपऱ्याकोपऱ्यांत नळ्या, मधे रोप. खोलीच्या कोपऱ्यात टेबलाएवढ्या जागेत बाग, असा तिचा डौल. जाहिरातीत झाडाचे नाव कधी नसायचे. टोमॅटो म्हणायचे आणि ग्राहकाने समजून घ्यायचे. ज्यांना पीक जास्त हवे होते त्यांनी रस्त्यावरचा दिवा घरात आणला. उच्च दाबाचा सोडियम दिवा साठच्या दशकात रस्ते आणि गोदामे उजळण्यासाठी निघाला होता. आपल्या हमरस्त्यांवर रात्री जो केशरी-पिवळा प्रकाश पसरायचा, तोच. फुलोऱ्यावर आलेल्या झाडाला तो रंग मानवतो, आणि तो दिवा खोली भट्टीसारखी तापवतो. हा दुसरा गुण पुढे बऱ्याच जणांच्या अंगाशी आला. १९८३ मध्ये ऑरेगॉनच्या जॉर्ज व्हॅन पॅटनने ‘जॉर्गे सर्व्हान्टेस’ या टोपणनावाने फक्त घरातल्या शेतीचे पुस्तक काढले. कितीतरी वर्षे तो लोकांसमोर खोट्या केसांच्या जटा आणि टोपी घालूनच येत असे.

हलक्या खिशाच्या माणसाची जागा म्हणजे फडताळ, जिन्याखालचा कोनाडा, न वापरलेली मोरी. त्याचे सामान कुंड्यांच्या दुकानातून आणि हार्डवेअरवाल्याकडून येई. ते बेकायदा नव्हते, म्हणून पोलिसांनी दुकानांकडेच मोर्चा वळवला. १९८९ च्या २६ ऑक्टोबरला, एका गुरुवारी, अमेरिकेच्या अमली पदार्थ विरोधी खात्याने ४६ राज्यांत एकदम छापे घातले. लक्ष्य होती मासिकांत जाहिरात देणारी दिव्यांची आणि बागकाम साहित्याची दुकाने, आणि त्यांच्या कागदपत्रांतली ग्राहकांची नावे. ज्याने कधी पालकसुद्धा दिव्याखाली लावला असेल त्याच्याही दारात अधिकारी उभे राहू शकत होते. जाहिराती आटल्या. ‘सिन्सेमिया टिप्स’ हे ऑरेगॉनचे मासिक पुढच्याच वर्षी बंद पडले. शूनमेकर्सला १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला पकडले. अमेरिकेने त्याची मागणी केली, तो जामिनावर सुटला आणि गायब झाला.

आता ऑरेगॉनच्या किनाऱ्यावरचे फ्लॉरेन्स गाव. १९९२ च्या १६ जानेवारीची पहाट, तीन वाजून वीस मिनिटे. रस्त्याकडेला गाडीत एक सरकारी अधिकारी बसला आहे आणि समोरच्या तीन बिऱ्हाडांच्या घरावर त्याने एक यंत्र रोखले आहे. ते यंत्र उष्णता पाहते: गार ते काळे, ऊन ते पांढरे. डॅनी काइलोच्या गॅरेजवरचे छप्पर आणि एका बाजूची भिंत शेजाऱ्यांपेक्षा उजळ दिसली. काही मिनिटांचे काम. या चित्रावर, खबऱ्यांच्या सांगण्यावर आणि विजेच्या बिलांवर वॉरंट निघाले; आत शंभरांहून जास्त रोपे होती. काइलोचे म्हणणे एवढेच, की वॉरंटाशिवाय माझ्या भिंतीची ऊब मोजणे हीसुद्धा झडती आहे. सरकारचे म्हणणे, भिंतीबाहेर आलेली ऊब ही बाहेरचीच. आम्ही आत डोकावलो कुठे?

नऊ वर्षांनी, ११ जून २००१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी काइलोच्या बाजूने निकाल दिला. निकाल लिहिला अँटोनिन स्कॅलिया यांनी. कट्टर परंपरावादी न्यायमूर्ती म्हणून त्यांची ख्याती, आणि गांजावाल्याची बाजू तेच घेतील अशी अपेक्षा कमी लोकांना होती. त्यांचा मुद्दा गांजाचा नव्हताच. सर्वसामान्य लोक वापरत नाहीत अशा यंत्राने घराच्या आतले काहीही कळत असेल, तर ती झडती. घरातली बाई रात्री कुठल्या वेळी गरम पाण्यात स्नानाला बसते, हेही असे यंत्र सांगू शकेल, असे उदाहरण त्यांनी दिले. पंधरा वर्षांपूर्वी सिराओलोच्या कुंपणाने जे मिळवता आले नाही, ते काइलोच्या भिंतीने मिळवले. आज अमेरिकेत पाळतीच्या तंत्रावर वाद झाला की वकील या निकालाकडे वळतात. ड्रोन, मोबाइलचा ठावठिकाणा, काहीही असो, मुळाशी त्या गॅरेजची तापलेली भिंत आहे.

घरगुती शेतीचा चेहरा मात्र तोवर बदलू लागला होता. एका कपाटातले पीक एका माणसापुरते. खोल्यांच्या खोल्या भरल्या की तो धंदा. कॅनडात ओंटारिओमधल्या बॅरी गावी जानेवारी २००४ मध्ये पोलिसांना हमरस्त्याला लागून असलेल्या मोल्सन कंपनीच्या बंद पडलेल्या बिअर कारखान्यात सुमारे तीस हजार रोपे सापडली. ब्रिटिश कोलंबियात भाड्याच्या घरांत बेफाम वायरिंग करून पिके घेतली जात आणि आगी लागत. तिथल्या सरकारने २००६ मध्ये कायदा बदलून दिवसाला ९३ युनिटांपेक्षा जास्त वीज जाळणाऱ्या घरांची माहिती नगरपालिकांना मिळण्याची सोय केली. ९३ युनिट म्हणजे महाराष्ट्रातल्या कित्येक मध्यमवर्गीय घरांचे महिन्याचे बिल. मीटर बोलतो म्हटल्यावर मीटरला वळसा घालणे आले. आपल्याकडे ज्याला आकडा टाकणे म्हणतात, त्याची हॉलंडमधली आवृत्ती जमिनीखालच्या केबलवर चाले.

हॉलंडची कथा तर विनोदी वाटावी इतकी विचित्र आहे. १९७६ च्या कायद्यानंतर तिथे कॉफीशॉपच्या पुढच्या दाराने गिऱ्हाइकाला पाच ग्रॅम गांजा विकणे चालते. मागच्या दाराने दुकानदाराने माल विकत घेणे मात्र गुन्हा. घरी पाच रोपांपर्यंत सहसा खटला होत नाही, पण दिवे आणि पंखे लावले की ‘हौस’ संपते. मग दुकानांना पुरवठा करणार कोण? गरीब वस्त्यांतले पोटमाळे. टोळीवाला येतो, दिवे-पंखे-रोपे फुकट बसवून देतो, कर्जात बुडालेल्या बिऱ्हाडाला पिकामागे थोडे पैसे देतो. धाड पडली की दंड, थकलेले वीजबिल आणि घर खाली करण्याची नोटीस बिऱ्हाडाच्या नावाने. २०१० मध्ये रॉटरडॅम आणि हेगमध्ये पोलिसांनी तीस हजार घरांना खरवडून हुंगायची कार्डे वाटली: हा वास शेजाऱ्याकडून येतो का बघा. स्कंक या नावाचे सार्थक झाले म्हणायचे. डिसेंबर २०२३ पासून ब्रेडा आणि टिलबर्ग या गावांतल्या कॉफीशॉपना सरकारमान्य शेतकऱ्यांचा माल मिळू लागला, म्हणजे तिथले मागचे दार कायदेशीर व्हायला ४७ वर्षे गेली.

ब्रिटनमध्ये सगळ्यांत वाईट झाले. तिथल्या धाडींत कुलूपबंद घरांत रोपांना पाणी घालणारी व्हिएतनामी मुले सापडत. प्रवासाच्या कर्जापोटी विकली गेलेली, इंग्रजी न येणारी, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या घरात महिनोन्‌महिने राहिलेली. वर्षानुवर्षे त्यांनाच गुन्हेगार म्हणून शिक्षा झाल्या. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने अशा तीन मुलांच्या शिक्षा रद्द करून ती मानवी व्यापाराची बळी असल्याचे मान्य केले. कपाटातल्या हौशी माळ्याच्या सुरस गोष्टी सांगणाऱ्या मासिकांत ही मुले क्वचितच येतात.

छोट्या जागेवाला दरम्यान आणखी छोटा होत गेला. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या क्विबेकमधून ‘लोरायडर’ नावाचे बी आले. १९२४ मध्ये यानिशेव्हस्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘रुडेरालिस’ नावाची एक रानटी, खुरटी भांग नोंदवली होती. उत्तरेच्या तोकड्या उन्हाळ्यात ती रात्र मोजत बसत नाही, वय झाले की फुलते. तिचा संकर करून हातभर उंचीचे रोप मिळाले. तूर्नवाने जे घड्याळ शोधले होते, तेच झाडातून काढून टाकले गेले. मग जुन्या संगणकाच्या रिकाम्या पेटीत बाग लावणारे निघाले: पुढे बटण, मागे पंखा, आत एक रोप, आणि पंख्याच्या घरघरीचा कुणाला संशय येणार? सोडियमची भट्टी जाऊन एलईडी आले. धग कमी झाली, बर्फही पूर्वीइतका वितळेना.

कायदा पालटला तेव्हा सरकारांना झाडे मोजावी लागली, आणि प्रत्येकाने आपापला आकडा शोधला. उरुग्वेने २०१३ मध्ये सहा रोपे आणि वर्षाला ४८० ग्रॅम ठरवले, नाव नोंदवून. कोलोरॅडोत सहा, त्यांतली फुलोऱ्यावर तीन, बंद आणि कुलपात. कॅनडात २०१८ पासून घरामागे चार. क्विबेकने शून्य म्हटले आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते शून्य वैध ठरवले. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून माणशी तीन. एवढी मुभा मिळाल्यावर झाड पुन्हा उन्हात येईल असे वाटावे, पण धंदा आतच राहिला. बारमाही पीक, एकसारखा माल, चोरीची भीती नाही. इव्हान मिल्स या अमेरिकन ऊर्जा संशोधकाने २०१२ मध्ये हिशेब मांडला होता की बंद खोल्यांतला गांजा देशातली एक टक्का वीज खातो. ज्या राज्यात भरपूर सूर्यप्रकाश आहे तिथेही गोदामांत दिवे जळतात, कारण चाळीस वर्षांत पेरलेले सगळे बियाणे, सगळे ज्ञान आणि गिऱ्हाइकाची चटक छताखाली तयार झाली आहे.

भारतात १९८५ चा कायदा आहे. त्यात पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवल्या, म्हणून सरकारमान्य भांगेची दुकाने काही राज्यांत राहिली. पण परवान्याशिवाय रोप लावणे, मग ते शेतात असो वा फ्लॅटच्या बाल्कनीत, दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा गुन्हा आहे. अहमदनगरच्या परवान्याची शेते केव्हाच इतिहासजमा झाली. २०२२ मध्ये थायलंडने गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि बँकॉकमध्ये दिव्याखालचा माल दुकानादुकानांत दिसू लागला. २०२५ मध्ये तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट आली, पण तोवर मुंबईच्या विमानतळावर नवी वर्दळ सुरू झाली होती. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत, खाऊच्या पुड्यांत, हवा काढून सील केलेल्या पाकिटांत ‘हायड्रो’, म्हणजे मातीऐवजी पाण्यावर पिकवलेला गांजा, सापडू लागला, आणि सीमाशुल्क खाते त्याची किंमत किलोला कोटीच्या घरात लावते. पंचनाम्यात त्याचे वर्णन असते: हिरवट, गोळीबंद, बिनबियांचा फुलोरा. नौगावच्या पोद्दाराला दाखवला असता तर त्याने बोटांत चुरगाळून वास घेतला असता आणि पहिला प्रश्न केला असता, की याला ऊन का लागलेले नाही.